मदत हवी आहे: दिवसभर उपास, रात्री खाण्यावर ताबा नाही. पाप म्हणायचं की आजार?

मोगरा_३
सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) प्रार्थना गटातल्या एका बहिणीसाठी, तिला विचारूनच, लिहिते आहे. आठवड्यातून तीन-चार रात्री घरातले झोपले की ती ओट्याशी उभी राहून खाते. अख्खा लादीपाव, उरलेला भात, फरसाण, मिल्क पावडर चमच्याचमच्याने, सगळं अर्ध्या-पाऊण तासात. भूक नसते, चवही कळत नाही म्हणते. मग फरसाणाचा डबा हलवून वरचा थर सारखा करून ठेवते, कमी झालेलं दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून संध्याकाळपर्यंत फक्त पाणी. ओकारी काढत नाही, जुलाबाच्या गोळ्या घेत नाही. सहा महिने हे चाललं आहे. आधी दर शनिवारी पापनिवेदनाला जायची, आता लाजेने तेही बंद. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तेव्हापासून, चाळीस दिवस एकवेळ जेवायचं तिने ठरवलंय. करू द्यावं का? नसेल तर नेमकं काय सांगावं?

साधा_पाव
ताई, करू देऊ नका. तिचा उपासच रात्रीचं खाणं ओढून आणतोय. मध्यरात्री खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत काही नाही, म्हणजे अठरा तास झाले. एवढ्या वेळाने शरीर अन्न मागणारच, आणि त्यात "मी मोडले" ही टोचणी मिसळली की ताबा सुटतो. मग पुन्हा उपास. तिला वाटतं उपास हा उपाय आहे. तो या चक्राचा अर्धा भाग आहे.

हे आजच्या डॉक्टरांनीच शोधलेलं नाही. इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांकडे राहून आलेल्या जॉन कॅसियनने पाचव्या शतकात लिहून ठेवलंय की अति उपास आणि अति खाणं शेवटी एकाच जागी नेऊन सोडतात. म्हणून तिथले वडीलधारे चार दिवस कडकडीत उपास करून पाचव्या दिवशी तुटून पडण्यापेक्षा रोज ठरलेलं माप बरं मानत. ते माप होतं दोन छोटे पाव, मिळून जेमतेम एक रोमन पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. (ते माप तिच्यासाठी नाही. रोजचा नेम तेवढा घ्यायचा.)

तिच्यासाठी नेम असा: सकाळी ८, ११, दुपारी दीड, ५ आणि रात्री साडेआठ. तीन जेवणं, दोन मधली खाणी, कुठेही चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. भूक असो-नसो, घड्याळ बघून खायचं, कारण सध्या तिची भूक भरवशाची नाही. पाचचं खाणं लोक सगळ्यात आधी गाळतात आणि रात्र तिथेच बिघडते. मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, किंवा उकडलेलं अंडं आणि एक पोळी, एवढं पुरे. सगळं ताटलीत घेऊन, बसून. डब्यातून किंवा पिशवीतून नाही.

सगळ्यात अवघड नियम: रात्री खाणं झालंच, तरी सकाळी आठचा नाश्ता चुकवायचा नाही. पहिले दोन आठवडे तिला हे पाप केल्यासारखं वाटेल, वजन वाढेल अशी धास्ती वाटेल. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी बघायचं, रोज नाही.

सोबत एक वही: वेळ, काय खाल्लं, कुठे, ताबा सुटला का, त्याआधी काय घडलं. खाल्ल्याखाल्ल्या लिहायचं, झोपताना आठवून लिहिलं तर आधी काय घडलं तेच नेमकं निसटतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. दोन आठवड्यांत वाईट रात्री कशानंतर येतात ते दिसू लागेल.

ओलिव्ह
वैद्यकीय बाजू. थोड्या वेळात खूप खाणं, ताबा सुटल्याची जाणीव, आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने. मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक आहे, २०१३ सालचं डीएसएम-५; त्यात बिंज ईटिंग डिसऑर्डरचे (ताबा सुटून खाण्याच्या आजाराचे) निकष साधारण असे आहेत, आणि लपून खाणं, भूक नसताना खाणं, नंतरची किळस ही लक्षणंही त्यात येतात. निदान मानसोपचारतज्ज्ञाने करायचं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा; स्टेरॉइड आणि ओलान्झापिनसारख्या (मानसिक आजारावरच्या) काही औषधांनी भूक वाढते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपासाने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पुढे कधी ओकाऱ्या काढणं सुरू झालं तर थांबू नका, पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात. जीव नकोसा वाटतो असं बोलली तर त्याच दिवशी मदत घ्या. टेली मानस १४४१६ ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालू असतं.

मोगरा_३
मनापासून आभार. पण ती म्हणते, "उपास सोडला तर देवाला फसवल्यासारखं होईल." यावर काय बोलू?

साधा_पाव
चर्चचा कायदा दाखवा. उपास बंधनकारक असलेले दिवस वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तेही १८ पूर्ण ते ५९ पूर्ण या वयात, आणि आजारी माणसाला त्यातून मोकळीक असते. फादरांशी बोलून तिने ती घ्यावी, म्हणजे मनातला किंतू जाईल. चाळीस दिवस एकवेळ जेवण कुणी मागितलेलंच नाही. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट तिच्यासोबत वाचा. देहाला छळण्याने देहाच्या वासना आवरत नाहीत, हे पौल तिथे सरळ सांगतो.

रविवारचं एक बघा. रात्रीपासून उपाशी राहून ती मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येते का? ख्रिस्तशरीर (मिस्सातला पवित्र पाव) स्वीकारण्याआधी उपाशी राहायचा नियम फक्त एक तासाचा आहे. सातच्या मिस्साला सहाच्या आधी दूध-पोळी खाऊन येता येतं.

आणि पापाचं. सहाव्या शतकातल्या ग्रेगरी पोपने खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी, महागडं, चोचल्याचं, जास्त आणि अधाशीपणाने खाणं. त्यामागे असतो तो चवीचा, सुखाचा हव्यास. तिला तर चवही कळत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या १७३५ व्या परिच्छेदात स्पष्ट आहे की सवय, भीती आणि मानसिक कारणांनी माणसाचा दोष कमी होतो, कधी उरतही नाही. पापनिवेदनाला तिने जरूर जावं, पण "मी खाल्लं" एवढंच सांगून परतू नये. लपवणं, ताबा सुटणं, डॉक्टरांकडे जाणं, सगळं सांगावं.

तिला उपवासकाळात काही सोडायचंच असेल तर रात्री नऊनंतर मोबाइल सोडू दे. आणि बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट वाचा, १ राजे १९. मरण मागत झुडपाखाली झोपलेल्या माणसाला देवदूताने बोल लावला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं.

ओलिव्ह
गटात तिचं नाव घेऊन प्रार्थना नको. एकच सोबतीण ठरवा, तिने रोज साडेपाचला फोन करावा. "आज किती खाल्लंस?" हा प्रश्न विचारायचा नाही. "पाचचं खाणं झालं का?" एवढंच विचारायचं.