मदत हवी आहे: इंटरसेप्टर ६५० साठी कॅम कोणता घ्यावा?

मंडळी नमस्कार. माझ्याकडे रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० आहे. इंजिन ६४८ सीसीचं, साधारण ४७ पीएस ताकद आणि ५२ एनएम टॉर्क. एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून झालेत, आता कॅम (इंजिनातले व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) बदलायचा विचार आहे.

माझं चालवणं बहुतेक कोल्हापूर-रत्नागिरी, म्हणजे आंबा घाट. मागे बायको आणि सामान. वळणातून तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत बाहेर पडते ना, ती ओढ मला जिवापाड आवडते. जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा, कॅम घातला की वरच्या आरपीएमला ताकद वाढते, पण खालचा टॉर्क जातो, आणि तो मला गमवायचा नाही. लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते) थोडी जास्त पण ड्युरेशन बेताचं, असा कॅम कोणी बसवलाय का?

व्हॉल्व्ह स्प्रिंग सोबतच बदलावे लागले का? ईसीयू रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) तर करावा लागेलच, तो कोल्हापूर-पुण्याकडे नीट कोण करतं? मेकॅनिक म्हणतो, आधी पिस्टन बदलून कॉम्प्रेशन वाढव, मूळ प्रमाण ९.५:१ आहे. पण मग साध्या पेट्रोलवर चढाला नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात ठकठक) होईल अशी धास्ती वाटते.

प्रत्यक्ष बसवून घाटात चालवलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. अ‍ॅव्हरेज किती पडलं तेही सांगा.