फुप्फुसाचा कॅन्सर : आधी जनुकीय टेस्ट की सरळ केमो?

सेलूकर : गावाकडच्या ग्रुपवर परवा एकानं लिहिलं, "लंग कॅन्सरच्या त्या मॉलिक्युलर, म्हणजे जनुकीय टेस्टा म्हणजे पैसे उकळायचा धंदा, सरळ केमो घ्यावी." मला नाही पटत. आईनं जन्मात विडी ओढली नाही, मिश्री लावली नाही. चुलीपुढं मात्र ४० वर्षं काढली. एक्स-रेवरचा डाग बघून, थुंकी निगेटिव्ह असतानाही, टीबीच्या गोळ्या दिल्या. साडेचार महिने त्यातच गेले. मग बायोप्सी : अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, चौथी स्टेज. नशिबानं तिथल्या डॉक्टरांनी तुकडा ईजीएफआर आणि एएलके या दोन जनुकांच्या टेस्टसाठी पाठवला. ईजीएफआरमध्ये दोष निघाला, त्याच दोषावरच्या जेफिटिनिबची रोज एक गोळी सुरू झाली. चेहरा पुटकुळ्यांनी भरला, नखांच्या कडा चिघळल्या, जुलाब तर विचारू नका. पण दीड महिन्यात ऑक्सिजनचं सिलिंडर परत नेऊन दिलं आणि दिवाळीला करंज्या तिनंच लाटल्या. टेस्ट केल्याशिवाय पहिली केमो घेऊच नये, असं माझं मत.

कयाधूकाठ : दादा, आईला बरं वाटलं, लई चांगलं झालं. पण एका गुणावर सगळ्यांना सल्ला नका देऊ. आमच्या चुलत्यांच्या मोठ्या पॅनलला, म्हणजे एकदम बऱ्याच जनुकांच्या टेस्टला, २६ हजार गेले, अर्ध्या सोयाबीनची पट्टी. रिपोर्टला २३ दिवस. तोवर माणूस भिंतीला उशी लावून बसून रात्र काढतोय, आडवंच होता येईना. आणि रिपोर्टात काय, तर केआरएएस, जी१२डी, म्हणजे दुसऱ्याच जनुकातला दोष. त्यावर गोळीच नाही म्हणाले. मग तीच केमो! ते २३ दिवस कोण भरून देणार?

ब्लॉकवाली_लातूर : हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे बायोप्सीचे तुकडे तपासतात तिथं, काम करते म्हणून बोलते. 'घेऊच नये' हे सेलूकरदादांचं चूक आहे. धाप लागलेल्या पेशंटला रिपोर्टची वाट बघत असतानाच पहिली केमो देता येते, नंतर गोळीवर नेता येतं. काकांना तसं कुणी सांगायला हवं होतं. आमच्याकडचं खरं दुखणं वेगळंच : सुईनं निघतो शेवईच्या तुकड्याएवढा जीव, त्यातला निम्मा कॅन्सरचा प्रकार ठरवण्यातच संपतो. मग परत सुई. आणि एक कळकळीचं, बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका. मे महिन्यात एकानं डॅशबोर्डवर ठेवून आणला होता, मेण कडेनं लोण्यासारखं झालेलं.

बालाघाट : एवढा घोळ कशाला? बाई आहे, विडी नाही, म्हणजे ईजीएफआरच. जेनेरिक जेफिटिनिब आता स्वस्तात मिळते, सुरू करा नि बघा. मावशीला तसंच केलं.

सेलूकर : @बालाघाट, नेमका हाच अंदाज आयपास नावाच्या अभ्यासात बांधला होता, २००९ साली छापून आला. पूर्व आशियातले रुग्ण, बहुतेक बायका, बहुतेक विडी-सिगारेट न ओढणारे. ज्यांची तपासणी झाली त्यातल्या ४० टक्क्यांत दोष नव्हताच. अशांना गोळी दिली तर १०० तल्या एकाची गाठ आकसली, केमोवर २३ जणांची. दोष असलेल्यांत मात्र गोळीवर ७१, केमोवर ४७. मावशी कशा आहेत आता?

बालाघाट : दोन महिन्यांत गेल्या. कशानं ते कुणी सांगितलं नाही.

कयाधूकाठ : वाईट झालं भाऊ. तरी माझं म्हणणं सोडत नाही मी. जेफिटिनिबवर वर्षाच्या आतबाहेर आजार उलटतोच ना? मग परत टेस्ट, मग ऑसिमर्टिनिब ही पुढची गोळी. २०२४ च्या बजेटात तिच्यावरची कस्टम ड्यूटी काढली म्हणे. आम्हाला काय, किंमत तरी कुठं आवाक्यात आहे? हा जिना आहे, आणि पहिल्याच पायरीला आमची जमीन गहाण.

सेलूकर : जिन्याचं खरंय. परळच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलवाल्यांनी जेफिटिनिबला केमोची जोड देऊन बघितली, आजार थोपवून धरायचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. त्रासही वाढला. दोन्ही स्वस्तातली औषधं, आपल्यासारख्यांना हे तरी जमण्यासारखं. आम्हाला उशिरा कळलं. आईचा खोकला गेल्या महिन्यापासून परत सुरू झालाय. सोमवारी देवगिरीनं परळला निघतोय, रक्तावर टी७९०एम, म्हणजे जेफिटिनिबला दाद न देणारा ईजीएफआरमधला नवा दोष, आहे का ते बघणार आहेत.

कयाधूकाठ : खालचा बर्थ मिळाला का? आमच्या चुलत्यांना मधल्यावर चढताच आलं नव्हतं. टीसीला फाईल दाखवा, देतात बदलून.