गिटारवर एफ आणि बी मायनर या कॉर्डपाशी अडलेल्यांना पुढे कसं न्यावं?

नमस्कार मंडळी,

भाची आणि तिची मैत्रीण माझ्याकडे गिटार शिकतात. सी, जी, डी, ई मायनर, ए मायनर दोघींच्या हातात बसलेत, कॉर्ड बदलतानाही लय सुटत नाही. अडतं ते एफ आणि बी मायनरला. तर्जनी तारांवर आडवी ठेवली (म्हणजे बार धरला) की पहिली-दुसरी तार थडथडते, मग त्या जोर लावतात आणि मनगट दुखतं.

तूर्त भाचीला छोटा एफ दिलाय: तर्जनीखाली पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या पहिल्या घरात) पहिली-दुसरी तार, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. मैत्रिणीला तोही जड जातो, म्हणून तिची पहिली तार मोकळी सोडली. तो एफ मेजर सेव्हन होतो, पण बऱ्याच गाण्यांत खपतो. बी मायनरऐवजी बी मायनर सेव्हन: पाचवी, तिसरी आणि पहिली तार दुसऱ्या फ्रेटवर, चौथी-दुसरी मोकळी.

याची सवय लागून पूर्ण बार मागे पडेल का? आणि दोष हाताचा की गिटारचा, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद

छोटे आकार खुशाल राहू द्या, गाणी वाजत राहणं फार महत्त्वाचं. फक्त बार पहिल्या फ्रेटवर शिकवू नका. नटजवळ (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) तार दाबायला सर्वांत जड. पूर्ण एफचाच आकार पाचव्या फ्रेटवर द्या, तिथे ए वाजतो. तो स्वच्छ वाजला की एकेक फ्रेट नटकडे सरका.

मुलींना हे जरूर सांगा की पूर्ण एफच्या आकारात तर्जनीला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा दाबायच्या असतात. मधल्या तिन्ही इतर बोटं सांभाळतात. तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करा, पेराची घडी तारेखाली येऊ देऊ नका. अंगठ्याने चिमटा काढण्यापेक्षा हाताचं वजन मागे ओढू द्या. दुखलं की थांबायचं, तिथे हट्ट नको.

गिटारसाठी: पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून त्याच्या पुढच्या फ्रेटवर तोच आकार धरा. एकदम सोपं गेलं तर नटच्या खाचा उथळ आहेत. जाणत्या कारागिराकडून त्या खोल करून घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

आभार! कॅपो लावून पाहिला. भाचीच्या गिटारवर फारसा फरक नाही, मैत्रिणीच्या गिटारवर मात्र चांगलाच जाणवला. तिची गिटार दुरुस्तीला देतेच आहे, तर ०.०१२ च्या जागी ०.०१०च्या (पहिल्या तारेची जाडी, इंचांत) तारा बसवून घेऊ का? आवाज फार बारीक होईल का?