'ग्वायलो' ही शिवी आहे का?

कौलूनकर: हाँगकाँगात गोऱ्या माणसाला कँटोनीजमध्ये सर्रास 'ग्वायलो' म्हणतात. ग्वाय म्हणजे भूत, लो म्हणजे बाप्या. कामावर आपल्याला ग्वायलो म्हणतात, हा वांशिक भेदभाव आहे, असा दावा एका ब्रिटिश अभियंत्याने केला होता. २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. हा शब्द दर वेळी अपमानासाठीच वापरतात असं नाही, म्हणे. मला पटलं. 'ग्वायलो' नावाची बियरसुद्धा इथे मिळते आणि ती काढणारे गोरेच!

पाणीपुरीवाली: स्वतःच्या बियरला नाव देणं वेगळं आणि कामावर चारचौघांत ते ऐकून घेणं वेगळं. शिवी आहे की नाही हे ऐकणाऱ्याला विचारा ना.

अक्षरशत्रू: ताई, ऐकणाऱ्याला कँटोनीज कळायला नको का? 'होउ ग्वाय लेंग' म्हणजे भयंकर सुंदर. तिथे कुठे भूत दिसतंय? 'दाय लो' म्हणजे मोठा भाऊ, टोळीचा म्होरक्यासुद्धा. खरंच शिवी हासडायची असेल तर आधी 'सेइ' लावतात, म्हणजे 'मेला'. 'सेइ ग्वायलो' ऐकलंत की समजा, बिनसलंय.

पाणीपुरीवाली: बरं. मग आफ्रिकी माणसाला 'हाक ग्वाय', म्हणजे काळं भूत, म्हणतात, त्यातला ग्वायही असाच निरागस का? आणि भारतीय-पाकिस्तानी लोकांना 'मोलोछा' म्हणतात त्याचं काय? ते तुम्ही हसून घेता?

कौलूनकर: नाही घेत. इथल्या अपर लास्कर रो या रस्त्याचं चिनी नावसुद्धा त्याच 'मोलो'वरून आहे, भारतीय खलाशांमुळे पडलेलं. त्या पाटीचं काही वाटत नाही, पण घर भाड्याने बघताना एजंट मालकाला फोनवर 'मोलोछा' म्हणाला की कळतं घर मिळणार नाही. ग्वायलोला घर मिळतं. १९९७ पर्यंत राज्यच त्याचं होतं. फरक तिथे आहे.

पाणीपुरीवाली: म्हणजे शब्द तोच, पण बँकेत पैसे असले की शिवी नाही? त्या अभियंत्याची नोकरीही गेली होती हो.

डोंबिवली_फास्ट: मुंबईत 'भय्या' ही शिवी नाही असं सांगणारे सगळे मराठीच कसे असतात?

कौलूनकर: धागा भरकटवू नका.

अक्षरशत्रू: भरकटला कुठे?

पाणीपुरीवाली: 'साय यान', पाश्चात्त्य माणूस, हा सभ्य शब्द आहे ना? तो वापरायला काय जातं?

कौलूनकर: वापरून पाहिला. माझा गोरा मित्र म्हणाला, माझ्यावर चिडलायस का?