देव मानत नसताना घरातले श्राद्धकार्य कसे करावे? मदत हवी आहे

वडिलांचे वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे आणि ते मीच करावे, अशी आईची इच्छा आहे. माझी अडचण अशी, की गेली काही वर्षे ईश्वराच्या अस्तित्वावर माझा विश्वास उरलेला नाही, आणि श्राद्धात दिलेले अन्न मृताला पोहोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला बांधावी, हा चार्वाक या प्राचीन नास्तिक विचारवंतांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. तरीही रोज पहाटे आई देवघरातला पितळी बाळकृष्ण चिंचेने घासून लख्ख करते आणि निरांजन लावून दोन मिनिटे डोळे मिटून उभी राहते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे निवते, त्याला माझ्याकडे पर्याय नाही. (वाद घालून पाहिला, त्या दिवशी ती जेवली नाही.)

१८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी पुरोहिताची मध्यस्थी नाकारली, पण ‘निर्मिक’, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानला. समाजसुधारक आगरकर तर अज्ञेयवादीच, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारे, होते. म्हणजे धर्माचे प्रयोजन देवावाचून उरते का, हा घोळ माझ्या एकट्याचा नाही.

पुरोहिताशिवाय, सत्यशोधक पद्धतीने किंवा निव्वळ स्मरणसभा घेऊन आपल्यापैकी कोणी असा दिवस पार पाडला आहे काय? त्यात नेमके काय केले, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत कशी घातली? की आईसाठी मुकाट्याने पिंडदान करणेच योग्य, आणि तसे केल्यास तो दांभिकपणा ठरतो का? स्वानुभवातून लिहावे, ही विनंती.