कोऱ्या मतांचे छापे
एका कादंबरीत लोक मतपत्रिका कोऱ्याच टाकतात; एक चित्रकर्ती रेसिडेन्सीत (कलावंतांनी काही काळ राहून काम करायची जागा) त्या विषयावर छापील चित्रं, म्हणजे छापे, काढणार आहे. कोरं मत हा तर नुसता निष्क्रियपणा, त्यावर छापे काय काढायचे, असं कुणीतरी लिहिलंय. पण कोरेपणही मोजलं जातं की! २०२२च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत 'नोटा'ला १२,८०६ मतं पडली, म्हणजे थेट दुसरा क्रमांक.

शिवाय मुद्राचित्रणात, म्हणजे छापे काढायच्या कलेत, बिनशाईचा छापा असतोच. कोरलेली प्लेट शाई न लावता ओलसर जाड कागदावर प्रेसखाली दाबायची. उठाव येतो, पण उजेड बाजूनं तिरका पडला तरच नीट दिसतो. (गॅलरीवाले समोरून झगझगीत दिवे मारतात, तीच धास्ती.)

मतदानाची सुट्टी घेऊन लोणावळ्याला पळणाऱ्यांना मात्र यात जागा नको. रांगेत उभं राहून नकार नोंदवणं वेगळं. हा फरक ती चित्रकर्ती कागदावर कसा आणते, ते बघायचंय.