व्हॅक्यूम भट्टीत लोडचे तापमान कमी दिसते : मदत हवी आहे

खोळंबलेला: सेटपॉइंट (ठरवलेले तापमान) १०४० अंश सेल्सिअस आहे आणि भट्टीचे कंट्रोल थर्मोकपलही (तापमान मोजणारी दोन तारांची जोडी) १०४० दाखवते, परंतु लोडमधील, म्हणजे भट्टीत भरलेल्या मालातील, थर्मोकपल ९९८ च्या वर जातच नाही, त्यामुळे सोकचा (माल त्या तापमानावर ठेवण्याच्या वेळेचा) टायमर सुरू होत नाही. पुढचे लोड अडले आहेत. कृपया त्वरित उपाय सांगावा.

तप्तलोह: थर्मोकपल कोणत्या टाइपचे आहे, हॉट झोन (भट्टीचा आतला तापणारा भाग) ग्राफाइटचा की मॉलिब्डेनमचा, आणि हे कधीपासून होते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. के टाइप (निकेलच्या मिश्रधातूंच्या तारांचे) असेल तर आधी ते बदला, कारण अत्यल्प ऑक्सिजनमध्ये त्याच्या धन तारेतील क्रोमियमच तेवढे ऑक्सिडाइझ होते आणि रीडिंग खाली सरकते.

जुना ऑपरेटर: सेटपॉइंट ४० अंशांनी वाढवून लोड काढावा, आम्ही नेहमी तसेच करतो.

तप्तलोह: रीडिंगच खोटे असेल, तर माल प्रत्यक्षात १०८० अंशांवर जाईल आणि त्याचे ग्रेन (धातूतील सूक्ष्म स्फटिक) मोठे होतील. असे सल्ले देऊ नयेत.

ग्राफाइटप्रेमी: एलिमेंटच्या (भट्टी तापवणाऱ्या भागांच्या) जोडांचे बोल्ट ढिले झाले असणार. तिन्ही फेजचा करंट मोजावा.

निर्वात: लीक रेट (बाहेरची हवा आत शिरण्याचा वेग) तपासला आहे का? पंप बंद करून दाब किती वाढतो ते पाहावे.

खोळंबलेला: दाबाबद्दल मी विचारलेलेच नाही. करंट समान आहे, हॉट झोन ग्राफाइटचा आहे, थर्मोकपल के टाइपचे आणि नवे आहे. थर्मोकपलपासून पॅनेलपर्यंतची केबलही त्याच वेळी नवी ओढली, पण तिचा येथे संबंध नसावा.

तप्तलोह: संबंध तिथेच असावा. भट्टी थंड असताना दोन्ही रीडिंग जुळतात का? केबलचे रंग कोणते, आणि धन टर्मिनलला कोणती तार जोडली आहे?

खोळंबलेला: थंड असताना जुळतात. केबल पिवळी-लाल आहे. इलेक्ट्रिशियनने लाल तार दोन्ही टोकांना धन बाजूस जोडली आहे.

तप्तलोह: अमेरिकी रंगसंकेतात लाल तार ऋण असते. दोन्ही टोकांना अदलाबदल झाल्यामुळे तापमान चढताना दिसते, मात्र भट्टीवरील टर्मिनल आणि पॅनेल यांच्या तापमानात जितका फरक, त्याच्या सुमारे दुप्पट अंशांनी रीडिंग कमी येते. टर्मिनल ५० अंशांवर आणि पॅनेल २९ अंशांवर असेल, तर आपला हिशेब जुळतो: फरक २१, त्याची दुप्पट ४२, आणि १०४० वजा ९९८ म्हणजेही ४२. चुंबक लावून पाहावा, के टाइपची ऋण तार त्याला किंचित चिकटते. तारा दोन्हीकडे उलटवून, लोड न भरता एक फेरी घ्यावी.

ग्राफाइटप्रेमी: तरीही भट्टी थंड झाल्यावर बोल्ट तपासावेतच.